'रायतूरकर' कुठले? विकतच्या आडनाव-अहवालांची पारख

आडनाव टाका, पैसे भरा, आणि अर्थ, उगम, जगभरातला विस्तार नि वर एक कुलचिन्ह अशी पीडीएफ घ्या. अशी सेवा देणारी परदेशी संकेतस्थळं आता बरीच झाली आहेत. नाईक किंवा कामत या आडनावांवर कुणीही चार ओळी बऱ्या लिहील. सेवेचा कस लागतो तो विरळ आडनावावर, म्हणून इथे गोव्यातलं 'रायतूरकर' घेतलं आहे.

रायतूर हे सासष्टी तालुक्यातलं, जुवारी नदीच्या काठचं गाव. सरकारी कागदावर आणि पाट्यांवर ते पोर्तुगीज वळणाने 'राशोल' किंवा 'राचोल' होतं. गावातली माणसं रायतूरच म्हणतात. अहवालाची पहिली ठेच इथेच लागते. रायतूर आणि राशोल एकच, हे यंत्राला ठाऊक नसलं की ते जवळचा उच्चार शोधतं आणि कर्नाटकातल्या रायचूरला जाऊन थांबतं. मग रायचूरचा किल्ला, विजयनगर, योद्धे असं सगळं आडनावाला चिकटतं. हा घोळ जुना आहे. सोळाव्या शतकात विजयनगरचा इतिहास लिहिणाऱ्या फेर्नांव नुनिशने रायचूरलाही 'राशोल'च लिहिलं आहे. त्यात 1520 साली कृष्णदेवरायाने रायचूर जिंकलं आणि त्याच साली सासष्टीतला रायतूरचा किल्ला पोर्तुगीजांच्या हाती आला. दोन्ही नोंदी वरवर वाचणारा फसतोच. अहवालाच्या उगमाच्या परिच्छेदात 'रायचूर' दिसलं, तर पुढचं वाचायची गरज नाही.

विस्ताराचा नकाशा त्या मानाने उपयोगी आहे, पण तो उलटा वाचावा लागतो. हे नकाशे बहुधा रोमन लिपीतल्या याद्यांवर उभे असतात आणि जिथे ठिपका दाट, तिथे उगम असं सुचवतात. 'कर' लावलेल्या आडनावाचं असं नसतं. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? तिथे तो शेणय, प्रभू, कामत. गाव सोडून मडगावला, फोंड्याला, पणजीला गेला की तो रायतूरकर होतो. त्यामुळे खुद्द रायतुरात ठिपका नसणं ही चूक नव्हे, तीच खूण आहे.

गाव रिकामं का दिसतं, याला इतिहासही आहे. सासष्टी आणि बार्देश 1543 मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. 1567 साली सासष्टीतली देवळं पाडली-जाळली गेली, तेव्हा पुढे होता तो रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान दिओगो रॉड्रिग्ज. जे धर्मांतर करून राहिले, त्यांची आडनावं पोर्तुगीज झाली. जे निघाले, ते देव घेऊन नदीपलीकडे फोंडा महालात गेले, कारण तिथे अजून पोर्तुगीज नव्हते. शेजारच्या राय गावची कामाक्षी शिरोड्याला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. केळशीकर, लोटलीकर, कुंकळ्येकर ही आडनावंही याच रीतीने गावाचा पत्ता सांगतात.

दक्षिणेकडे तर नकाशा मुकाच होतो. कारवारच्या खाली मंगळुरापर्यंत गेलेल्या सारस्वत घराण्यांत पै, शेणॉय, कामत, प्रभू एवढंच पुष्कळदा उरलं आणि गावाचा 'कर' गळाला. एकाच मुळाची दोन घरं मडगावात 'शेणय रायतूरकर' आणि मंगळुरात नुसती 'शेणॉय' असू शकतात. कोणतीही आडनाव-सेवा ती जोडू शकणार नाही. तिथे गोत्र, कुळदेव आणि वांगड, म्हणजे गावच्या मूळ गांवकारांतलं कूळ, हेच कामाला येतात.

सेवेच्या खात्यावर सर्वात मोठी त्रुटी स्पेलिंगची. पोर्तुगीज लेखनात 'के' जवळजवळ नाही. म्हणून 1961 आधीच्या, पोर्तुगीज काळातल्या कागदावर शेवटी 'सी'ने लिहिलेलं रायतूरकार, नंतरच्या दाखल्यावर 'के'ने रायतूरकर. आजोबा 'सी', नातू 'के', आणि नकाशावर दोन निरनिराळी कुळं! उपनावंही ओळखू येत नाहीत: शेणयचं 'सिनाय', प्रभूचं 'पोरोबो', पैचं 'पोय', कामतीचं 'कामोतीं'. पुष्कळ नोंदींत 'सिनाय' आधी आणि गावाचं नाव शेवटी असतं, तर काहींत नुसतं 'सिनाय' लिहून कारकून मोकळा झालेला असतो. शोध घेताना दोन्ही बाजूंनी घ्यावा. 'रायकर' हे वेगळं आडनाव आहे. अहवालाने ते 'रूपभेद' म्हणून आत घेतलं असेल तर ठिपक्यांची संख्या फुगलेली समजावी.

पैसे खर्चायचेच असतील तर ते गोव्यातल्या कागदांवर खर्चावेत. आधी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडून जन्मनोंदीची पूर्ण नक्कल, म्हणजे 'तेओर' काढावी. ही नोंदवही साधारण 1914 पासून आहे आणि तीत आई-वडिलांसोबत आजी-आजोबांचीही नावं मिळू शकतात. अर्जात वर्ष अंदाजे देऊ नये. आधीचं आणि नंतरचंही वर्ष पाहा असं लिहावं, कारण जन्म आणि नोंद यांत अंतर पडतं. मग घरातली जुनी 'इन्व्हेंटारिओ', म्हणजे वारसांच्या वाटणीची कागदपत्रं, शोधावी. वाटणीसाठी सगळे वारस नोंदले जात असल्यामुळे गाव सोडून गेलेला भाऊ आणि लग्न होऊन गेलेली बहीण दोघंही तिथे सापडतात. त्यानंतर देवस्थानच्या महाजनांची, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत हक्कदारांची यादी. देवस्थानांच्या कारभारासाठीच्या 1933 च्या माझानी नियमावलीखाली या याद्या ठेवल्या जातात आणि रायतूरकर कोणत्या देवाचे महाजन, हे तिथेच लेखी कळतं. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या वहीत वांगड मिळतो, पण गांवकार असलेल्यांचाच.

त्याही मागे जायचं तर पणजीचं पुराभिलेख खातं. 1595 पासूनची ही परंपरा, दिओगो दो कौतो पहिला रखवालदार. पोर्तुगीज वाचता येणारा आणि मोडी वाचता येणारा, असे दोघे लागतील. काही जुन्या गांवकारी नोंदी गोंयकानडी या जुन्या लिपीतही आहेत.

गुण द्यायचे तर विस्ताराच्या नकाशाला पाचपैकी तीन, तेही 'सी' आणि 'के' दोन्ही टाकून पाहिल्यास. उगमाच्या मजकुराला एक. कुलचिन्हाला शून्य: युरोपातली ती चिन्हं विशिष्ट व्यक्तीला किंवा घराण्याला दिलेली असत, आडनावाला नव्हे, आणि रायतूरकरांच्या बाबतीत तर चिन्हाच्या जागी कुळदेवाचं नाव हवं. ते पीडीएफमध्ये कुठेच नसतं.