फ्लेक्सऐवजी मांजरपाट : नारायण पेठेतल्या एका स्क्रीन प्रिंटिंगवाल्याचा अनुभव

पाचपैकी साडेतीन. एक गुण उशिराचा कापला, अर्धा शुद्धलेखनाचा. दुकानाचं नाव देत नाही, कारण तक्रार लिहायची आहे आणि माणूस भला आहे. जिना उतरून तळघरात जायचं, रंगाचा वास आला की पोचलात.

काम काय होतं ते आधी सांगते. आम्ही पुण्यात अरण्येश्वरजवळ, आंबिल ओढ्याच्या कडेला राहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढा पार्किंगमध्ये आला. सकाळी माझी स्कूटर पलीकडच्या सोसायटीच्या भिंतीला टेकून उभी होती. टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली, तिथे स्कूटरचं काय घेऊन बसायचं! मार्च २०२२ नंतर तर महापालिकेत नगरसेवकच नव्हते, नुसता प्रशासक. गाऱ्हाणं घालायचं कुणाकडे? त्यामुळे १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान ठरलं तेव्हा चार-पाच सोसायट्यांतले आम्ही पंधरा-वीस जण बसलो. कुणाचाच प्रचार करायचा नाही, पण मत मागायला येईल त्या प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारायचे. ओढ्याच्या पात्रातली बांधकामं थांबवणार का? टेकड्यांवरचं बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण राखणार का? आमच्या रस्त्याला बस वाढवणार का? पाऊस आता एकदमच कोसळतो. तो थांबवणं नगरसेवकाच्या हातात नाही, पण पाण्याला वाट ठेवणं आहे.

हे प्रश्न सोसायट्यांच्या फाटकांवर लावायचे होते. फ्लेक्स नको यावर लगेच एकमत झालं. दर पावसाळ्याआधी ओढ्याच्या पुलाखालून काय निघतं ते आम्ही बघतो. कुणाच्या तरी वाढदिवसाचे, हात जोडलेले फाटके चेहरे. आपणही त्यात भर घालायची आणि वर पर्यावरणावर बोलायचं, हे बरं दिसलं नसतं.

म्हणून मांजरपाट. सहा बाय तीनचा कापडी फलक साडेचारशेला पडला, शिवाय स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळीची चौकट, बनवायचे आठशे एकदाच. तेवढाच फ्लेक्स पावणेतीनशेत आणि तासाभरात मिळतो. आम्हाला बारा फलक हवे होते. हिशेब करून आमचे खजिनदार दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण त्या माणसाला कापड कळतं. मी दुकानातून कोरं मांजरपाट घेऊन थेट त्याच्याकडे गेले, तर त्याने दोन बोटांत चुरगाळून बघितलं आणि परत दिलं. "काकू, यात खळ आहे. यावर छापलं तर पहिल्या धुण्यात खळीबरोबर माझा रंगही जाईल. रात्रभर भिजत घाला, वाळवून आणा." सव्वीस मीटर कापड आम्ही तीन घरांच्या बादल्यांत भिजवलं आणि गच्चीवर वाळत टाकलं. दुसऱ्या खेपेला त्याने मला छपाई बघू दिली. टेबलावर कापड ताणून टाचण्या मारल्या, वर स्क्रीन ठेवली, रंगाची एक धार ओतली आणि रबरी पट्टी एका दमात खाली ओढली. स्क्रीन उचलली तर गडद हिरवी अक्षरं, काठ अगदी स्वच्छ. मी चक्क टाळी वाजवली. फलकाच्या वरच्या-खालच्या कडा दुमडून शिवल्या, त्यात काठी जाते, म्हणजे वाऱ्याने गुंडाळत नाही. हे त्याने न सांगता केलं, वेगळे पैसे लावले नाहीत.

खाली मुद्रक आणि प्रकाशक म्हणून कुणाचं नाव टाकू, प्रती किती लिहू, हेही त्यानेच विचारलं. निवडणुकीच्या दिवसांत ते लागतं. माझं नाव घातलं. आयुष्यात पहिल्यांदा प्रकाशक झाले, तीही बारा प्रतींची.

आता तक्रार. मजकूर मी व्हॉट्सॲपवर पाठवला होता, बिनचूक. त्याच्या संगणकावर अजून जुना फॉन्ट, त्यात रूपांतर करताना 'ओढ्याला वाट द्या' याचं 'ओढयाला वाट द्या' झालं. मी सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं आहे, मला ते फाटकाबाहेरून दिसलं. त्याला फोन केला तर म्हणतो, "वाचता येतंय ना काकू?" वाचता येतंय हा काय निकष झाला? त्याने नमुना पाठवला होता हे खरं, पण रात्री साडेअकराला, आणि आमच्यातल्या कुणीतरी न बघताच होकाराचा अंगठा पाठवून टाकला. म्हणून अर्धाच गुण कापला. उशीर मात्र सगळा त्याचा. चार दिवस म्हणाला, नऊ लावले. पक्षांच्या टोप्या-उपरण्यांची मोठी कामं आल्यावर आमचं बारा फलकांचं काम तळाशी गेलं. निवडणुकीच्या हंगामात जाणार असाल तर तीन आठवडे आधी जा.

आणखी एक फलक मुद्दाम अर्धा कोरा ठेवला होता, उमेदवारांच्या सह्यांसाठी. चार जागांचा प्रभाग, प्रत्येक मतदाराला चार मतं, त्यामुळे एकेका पक्षाचे चौघेच्या चौघे दारात येतात. सात जणांनी सही केली. एकाने आधी फोटो काढायला लावला, मग सही केली. एक बाई मात्र खरंच थांबल्या आणि ओढ्यापर्यंत चालत आल्या. धुतलेल्या कापडावर साधा मार्कर पसरतो हे छपाईवाल्याने सांगितलं होतं, मीच विसरले. दोन सह्या आता शाईचे डाग आहेत. कुणाच्या, ते आठवणीवर.

मतदान संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी होतं. निकाल लागल्यावर सह्यांचा फलक घडी करून कपाटात ठेवला, पुढच्या पावसाळ्यात काढायचा आहे. बाकीचे बारा गरम पाण्यात धुतले, रंग जराही हलला नाही, आणि कापून पिशव्या शिवल्या. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटल्या. माझ्या वाट्याला नेमका 'ढया' आलाय. भाजीवाला रोज विचारतो, याचा अर्थ काय.