झाडाला टांगून रायफलचा नेम: 89 डॉलरच्या रेस्टचा दोन सीझनचा अनुभव

सॅडलबद्दल, म्हणजे झाडाला टांगून बसून शिकार करायच्या कमरपट्ट्याबद्दल, माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या जोडीला घेतलेल्या रायफल-रेस्टबद्दल, म्हणजे नेम धरताना रायफल टेकवायच्या आधाराबद्दल. झाडाला पट्ट्याने आवळायचा, पुढे फिरणारा आडवा हात, टोकाला रबरी खाच. किंमत 89 डॉलर, वर टॅक्स. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, वाद अजून मिटलेला नाही.

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलचा सीझन उघडतो. त्याआधी सॅडलमधून मी फक्त धनुष्य चालवलं होतं. वाटलं, तोच टेदर (सॅडल झाडाला बांधणारा दोर), तोच प्लॅटफॉर्म (पाय ठेवायची फळी), रायफलला वेगळं काय लागणार? पण वीस यार्डांवर जे खपून जातं ते शंभरावर खपत नाही. कमरेतून लोंबकळताना प्रत्येक श्वासाला क्रॉसहेअर (स्कोप म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतली नेमाची फुली) हरणाच्या खांद्यावरून पोटावर जातो आणि परत येतो. वारा असेल तर झाडही डुलतं.

पहिल्या सीझनला रेस्टवर मी इतका खूश होतो की दोघा मित्रांना घ्यायला लावला. त्यांची माफी मागतो.

दुसऱ्या सीझनला, पारा 20 फॅरनहाइटच्या आसपास असताना, सांधा बोलायला लागला. हात डावीकडे वळवला की कुर्रर्र. साठ यार्डांवरच्या मादीने मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं आणि शेपटीचा पांढरा झेंडा दाखवून निघून गेली. कंपनीला मेल टाकली, तर उत्तर आलं, आवाजाचा व्हिडिओ पाठवा. गराजमध्ये तो आवाज येईना. शेवटी रेस्ट रात्रभर फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवला (बायकोने त्याचाही व्हिडिओ काढला, तो वेगळाच फिरतोय). सकाळी छान कुरकुरला. कंपनी म्हणाली, ही सामान्य झीज आहे, आणि वॉरंटी एक वर्षाचीच.

रागारागात मीच सांध्यात ग्रीस भरलं. थंडीत ते घट्ट झालं. आवाज गेला, पण हात हलेचना. जोर लावला की रेस्ट जागेवर आणि झाडाभोवती मीच गोल. हा घोळ कंपनीचा नव्हे, माझा. आता लिहायला बसल्यावर सांधा उघडून ग्रीस पुसलं आणि ग्रॅफाइटची पावडर टाकली. पुन्हा फ्रीझर. आवाज नाही, अडकणंही नाही. म्हणजे वस्तू वाईट नाही, दोन रुपयांची अक्कल कारखान्यात वापरली नाही एवढंच. दोन तारे देणार होतो, आता तीन.

पण मधल्या काळात रेस्टशिवाय जायची वेळ आली आणि तिथेच गंमत झाली. आपल्या वजनाने टेदर ताणलेला असतोच. त्यावर जाड पॅराकॉर्डचा (नायलॉनच्या दोरीचा) एक फास प्रुसिक गाठीने बसवला. गाठ वरखाली सरकते, ओझं आलं की घट्ट धरते. रायफलचा पुढचा लाकडी भाग त्या फासात. दोन्ही गुडघे खोडाला टेकवले, डाव्या हाताची मूठ सालीला दाबली, आणि डुलणं जवळपास थांबलं. नळी मात्र फासात किंवा खोडावर टेकवू नका, गोळी भलतीकडे जाते. आणि स्कोपमधून मोकळं दिसतं म्हणून चाप दाबू नका. नळी स्कोपच्या दीड-दोन इंच खाली असते. तिच्यासमोर बुंध्याचा फुगवटा किंवा टेदर नाही ना, हे डोळ्याने पाहायचं. उजव्या हाताने मारणाऱ्याला उजवीकडचं हरीण अजूनही त्रासाचंच. तिथे प्लॅटफॉर्मवर पाय फिरवून अख्खं अंग वळवावं लागतं, फास काही करत नाही आणि रेस्टही.

रायफल वर ओढून घेताना चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामा, नळी खाली. हे लिहायची गरज नसावी, पण लिहितो.

फासाला जुन्या दोरीचा तुकडा लागला. रेस्ट विकायला काढलाय, 45 डॉलर. ग्रॅफाइट फुकट.