बॅड न्यूज: वादाच्या तासाआधी खेळवावा असा खेळ

लस, स्थलांतर किंवा हवामानबदलावर वर्गात चर्चा सुरू झाली, की अर्धा वेळ मोबाइलवर आलेला अमुक व्हिडिओ खरा की खोटा यातच जातो. मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. त्यावर तयारी म्हणून २०१८ मध्ये आलेला ‘बॅड न्यूज’ हा ब्राउझरमधला मोफत खेळ चांगलाच उपयोगी आहे, मात्र तो एकटा पुरत नाही.

यात खेळाडू स्वतःच खोट्या बातम्या पसरवतो. तोतयेगिरी, भावना भडकवणं, ध्रुवीकरण, कटाच्या कहाण्या, टीकाकारांची बदनामी आणि ट्रोलिंग असे सहा बिल्ले मिळवायचे असतात. फॉलोअर्स वाढवताना विश्वासार्हताही सांभाळावी लागते. फारच ढोबळ थाप मारली की ती घसरते. खेळाची खरी कमाल इथे आहे: पचणारी अफवा अर्धसत्यावर उभी असते, हे मुलांना आपोआप कळतं.

खेळ साधारण १५ ते २० मिनिटांत संपतो. एका उपकरणावर दोघांना बसवा आणि प्रत्येक जोडीला एकच बिल्ला नेमून द्या. त्या बिल्ल्याची युक्ती कोणत्या शब्दांत आली, हे त्यांनी लिहून काढायचं. हे काम दिलं नाही, तर मुलं फक्त फॉलोअर्सच्या आकड्यामागे धावतात. चर्चेचा तास दुसऱ्या दिवशी ठेवा; लगेच घेतला तर बिल्ल्यांचीच हत्यारं होतात आणि विरोधी मत मांडणाऱ्याला ‘ट्रोल’ म्हणून गप्प केलं जातं. नाव युक्तीला द्यायचं, माणसाला नाही, हा नियम फळ्यावर लिहूनच ठेवा.

मोठी उणीव म्हणजे खेळ फसवणूक ओळखायला शिकवतो, पडताळणी शिकवत नाही. अशा खेळांनंतर खऱ्या बातम्यांवरचाही विश्वास कमी होऊ शकतो, असा आक्षेप संशोधकांनी घेतला आहे आणि तो गंभीर आहे. ‘सगळंच खोटं असतं’ म्हणणाऱ्या वर्गात पुराव्यावर वाद घालताच येत नाही. म्हणून खेळानंतर सहा पोस्ट द्या, तीन खऱ्या आणि तीन खोट्या, आणि खऱ्या ओळखण्यालाही तितकेच गुण ठेवा. तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधणाऱ्या टिनआय या संकेतस्थळावर फोटो टाकून निकाल ‘सर्वात जुना आधी’ असे लावायला सांगा. जुना फोटो नव्या घटनेला चिकटवला असेल, तर बहुधा तिथेच उघड होतं. दाव्यासाठी त्याच पानावर खाली वाचत न बसता नवा टॅब उघडून इतरांनी काय म्हटलंय ते शोधायचं.

वरच्या वर्गांसाठी जरूर वापरा. लहान मुलांसाठी वेगळी ज्युनिअर आवृत्ती आहे.