विमानतिकिटावर बोली लावावी की सरळ तिकीट काढावे?

अमेरिकेत स्वस्त विमानप्रवासाच्या शोधात असणाऱ्यापुढे साधारणपणे तीन पर्याय असतात. पहिला म्हणजे उघड किमतीचे नेहमीचे तिकीट, दुसरा विमान कंपनीचे नाव झाकून विकले जाणारे सवलतीचे तिकीट आणि तिसरा इकॉनॉमीचे तिकीट काढून वरच्या वर्गासाठी बोली लावणे. किती डॉलर वाचतात एवढ्यावरच हा निर्णय घेऊ नये. प्रवास कोण करणार आहे आणि ऐन वेळी बेत बदलण्याची शक्यता किती आहे, हे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिकिटाचीच बोली लावण्याची मूळ पद्धत प्राइसलाइन या अमेरिकी कंपनीने १९९८ मध्ये सुरू केली. ग्राहकाने शहरे, तारखा, आपल्याला परवडणारी रक्कम आणि क्रेडिट कार्डाचा क्रमांक द्यायचा. एखाद्या विमान कंपनीने ती रक्कम मान्य केली की पैसे तत्काळ कापले जात आणि विमान कोणते, सुटणार किती वाजता, हे त्यानंतर कळत असे. देशांतर्गत प्रवासात सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत केव्हाही निघण्याची आणि वाटेत एकदा विमान बदलण्याची तयारी ठेवावी लागे. बाजार उठताना भाजीवाला भाव उतरवतो, तसे विमान कंपनीला उघडपणे करता येत नाही, कारण मग पूर्ण भाडे देणारा प्रवासीही भाव उतरण्याची वाट पाहत थांबतो. म्हणून नाव झाकणे कंपन्यांच्या सोयीचे होते. त्या काळी अमेरिकी विमानांतील सुमारे ७० टक्के आसनेच भरत असत. पुढे हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले आणि पडेल भावात देण्याजोगी आसने कमी झाली. प्राइसलाइनने विमानतिकिटांची ही बोली २०१६ मध्ये बंद केली.

तिची जागा झाकल्या नावाच्या, पण ठरलेल्या किमतीच्या तिकिटाने घेतली आहे. यात किंमत आधी दिसते, एवढाच ग्राहकाचा फायदा. कंपनी आणि नेमकी वेळ पैसे भरल्यावरच समजते आणि तिकीट रद्द किंवा बदल करता येत नाही. याउलट, अमेरिकेशी संबंधित प्रवासाचे उघड तिकीट विमान कंपनीकडून थेट आणि प्रवासाच्या किमान सात दिवस आधी काढले, तर तेथील सरकारी नियमानुसार पहिल्या चोवीस तासांत ते दंडाशिवाय रद्द करण्याची किंवा पैसे न भरता तेवढा वेळ भाव राखून ठेवण्याची सोय कंपनीला द्यावी लागते. एकट्या, हातातल्या एका पिशवीनिशी निघणाऱ्या विद्यार्थ्याला झाकले तिकीट चालेल. मुले बरोबर असतील किंवा ठरावीक वेळी पोहोचणे भाग असेल, तर ते घेऊच नये.

आता आजच्या बोलीकडे वळू. भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या कुटुंबांसाठी तीच अधिक महत्त्वाची आहे. इकॉनॉमीचे तिकीट काढल्यानंतर अनेक कंपन्या ईमेलने बोलीचे आमंत्रण पाठवतात. त्या पानावर एक सरकपट्टी असते. रक्कम वाढवली की शेजारचा दर्शक ‘कमकुवत’पासून ‘भक्कम’कडे सरकतो. हा दर्शक म्हणजे हमी नव्हे, कारण किती आसने शेवटपर्यंत रिकामी राहतील आणि इतरांनी किती बोली लावली आहे, हे आपल्याला कोणी सांगत नाही. निकाल बहुधा उड्डाणाच्या एक ते तीन दिवस आधी लागतो. बोली स्वीकारली गेली तरच पैसे कापले जातात. नाकारली गेली, तर मूळ आसन कायम राहते. झाकल्या तिकिटापेक्षा ही पद्धत मला त्यामुळेच अधिक सभ्य वाटते.

तरीही हिशेब नीट मांडावा लागतो. पानावर दिसणारी रक्कम बहुतेक ठिकाणी दर माणशी आणि दर टप्प्याला असते. समजा, आईवडील मुंबईहून अबू धाबीमार्गे न्यूयॉर्कला येणार आहेत आणि लांबच्या टप्प्यासाठी प्रत्येकी ६०० डॉलरची बोली लावायची आहे, तर १,२०० डॉलर लागतील. मुंबई ते अबू धाबी हा जेमतेम तीन तासांचा टप्पा आहे. तेथे पैसे घालण्याऐवजी पुढच्या सुमारे चौदा तासांच्या टप्प्यावरच बोली लावावी. दोघे एकाच आरक्षणात असतील, तर साधारणपणे दोघांनाही वरचा वर्ग मिळतो किंवा कोणालाच नाही. मूळ भाडे आणि बोली मिळून होणारी रक्कम बिझनेस क्लासच्या उघड भाड्याच्या जवळ जात असेल, तर बोलीचा नाद सोडून सरळ ते तिकीट काढावे. बोलीने वरचे आसन मिळाले, तरी माइल्स (प्रवासाबद्दल कंपनी खात्यात जमा करते ते गुण) आणि रद्द करण्याचे नियम बहुधा मूळ इकॉनॉमी तिकिटाचेच राहतात. सामानाबाबत प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो, तो आधी वाचावा.

वृद्ध आईवडिलांसाठी आणखी एक गोष्ट तोलून पाहावी. अबू धाबीला अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात बसण्यापूर्वीच होते. म्हणून तेथे दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ असलेले उघड तिकीट निवडण्याला वरच्या वर्गापेक्षा अधिक महत्त्व आहे. गुडघे दुखत असल्यामुळे आडवे झोपता येणे ही खरोखरीच गरज असेल, तर ती बोलीच्या भरवशावर सोडू नये. बोली नाकारली गेली, तरी ज्या आसनावर प्रवास निभेल, तेच आसन आधी विकत घेऊन ठेवावे आणि बोलीची रक्कम गेली तरी चालेल अशीच ठरवावी, कारण बोली स्वीकारल्यानंतर आपण होऊन प्रवास रद्द केल्यास ती बहुधा परत मिळत नाही. कंपनीकडूनच वरचे आसन मिळू शकले नाही, तर मात्र ती परत करण्याची तरतूद सामान्यतः असते.

बोली स्वीकारल्याचा निरोप आला की त्याच दिवशी कंपनीला फोन करून शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद नव्या वर्गात कायम आहे का, व्हीलचेअरची मागणी दोन्ही टप्प्यांवर दिसते का आणि दोघांची आसने शेजारी आहेत का, हे विचारावे. वर्ग बदलल्यावर खास जेवणाची हमी अनेक कंपन्या देत नाहीत आणि इकॉनॉमीत पैसे भरून निवडलेल्या आसनाची रक्कमही सहसा परत मिळत नाही.