पिवळ्या खोक्यातला ‘58 सीसी’ चेनसॉ : 11,279 रुपये गेले, तुमचे तरी वाचवा

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खान्देशातल्या गावांमधून पिकअप गाड्या फिरायला लागतात. टपावर भोंगा, मागे पिवळ्या खोक्यांची चळत, आणि ‘अनुदानातलं लाकूड कापायचं मशीन, आज शेवटचा दिवस’. भोंग्यावर काय बोलतात, गर्दीत त्यांचीच दोन माणसं गिऱ्हाईक बनून कशी उभी असतात, पहिली पावती कोणाच्या नावाने फाटते, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. मलाही ते माहीत होतं. तरी पैसे गेले. कारण या टोळ्या आता अडाण्याला गाठत नाहीत, ज्याला मशीनमधलं थोडंफार कळतं त्यालाच गाठतात आणि त्याच्या तोंडून बाकीच्यांना पटवतात. म्हणून हे लिहितोय.

आकडे आधी. मशीन 6,800. जादा चेन 650. कुऱ्हाड, कोयता आणि लोखंडी पाचर मिळून ‘सेट’ 1,450. पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी ऑइलची लिटरची बाटली 380. ‘अनुदान नोंदणी’ 500. हे झाले 9,780. त्यातले 7,000 रोख, 2,780 यूपीआयने. पुढे ‘ऑइल पंप कुरियरने पाठवतो’ म्हणून 1,499 आणखी उकळले. एकूण 11,279 रुपये.

हौस म्हणून घेतलं नव्हतं. आपल्याकडे गॅस असला तरी चूल सुटत नाही. खापरावरचे मांडे गॅसवर होत नाहीत, त्याला बाभळीचा एकसारखा जाळ लागतो. भरताची वांगी पऱ्हाट्यांवरच (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजायची. पापड-कुरडयांचं पाणी चुलीवर, गुरांचं आंबोण चुलीवर. पाऊस पडायच्या आत लाकूड फोडून, वाळवून पडवीत रचलं नाही तर आषाढात घरात धूर कोंडतो. बांधावरची वाळकी बाभूळ कुऱ्हाडीने तोडायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. अशा वेळी मशीन घेणं यात वेडेपणा काहीच नाही. घरच्या कामाला चांगला चेनसॉ खरंच उपयोगाचा आहे. चोरी मशीन विकणाऱ्यांनी केली आहे.

आता तो क्षण, जो अजून डोक्यातून जात नाही. ‘काय नाना, बरं शे ना?’ अशी अहिराणीत सुरुवात करून त्या माणसाने प्रात्यक्षिक दाखवलं. ओंडका शेवग्याचा होता, तोही ओला. साल बघितल्याबरोबर कळत होतं. शेवगा हे लाकूड म्हणावं इतकंही टणक नसतं, साधी करवत त्यातून सहज जाते. शेजारी भिंतीला वाळक्या बाभळीचं खोड टेकवलेलं होतं. ‘हे कापून दाखव’ म्हटल्यावर तो म्हणाला, ‘नाना, चेन कोरी आहे, आधी ओल्या लाकडावर बसू द्यावी लागते, नाहीतर ताणते.’

हे वाक्य नीट बघा. यात अर्धं खरं आहे. कोरी चेन सुरुवातीच्या कामात खरंच ताणते, आणि दोनचार काप झाल्यावर मशीन थंड करून तिचा ताण पुन्हा बघावा लागतो. ज्याला ही गोष्ट माहीत आहे तो ऐकताच मान डोलावतो. पण ताणते म्हणून कडक लाकडावर चालवायचीच नाही, असा नियम कुठेही नाही. शिवाय ज्या मशीनने तो शेवगा कापत होता त्याच्या बारचा, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीचा, रंग पार उडालेला होता. कोरी कुठली चेन? रोज गावोगाव फिरवलेली होती ती. हातातलं मशीन एक आणि खोक्यातलं दुसरं, हे त्या एका वाक्यात उघडं पडलं होतं आणि गर्दीतल्या दहा शहाण्यांपैकी एकानेही त्याला तिथे धरलं नाही. चांगला विक्रेता तुमच्या लाकडावर मशीन चालवून दाखवतो. जो आपलं लाकूड घेऊन येतो त्याला गावाबाहेर काढा.

खोक्यातल्या मशीनची गत अशी. कव्हरवर ‘58 सीसी, 22 इंच, जपान टेक्नॉलॉजी’. सिलिंडर उतरवून व्हर्नियरने मोजला तर बोअर (आतला व्यास) 43 मिलिमीटर, पिस्टनचा स्ट्रोक (वरखाली जाण्याचं अंतर) 31 मिलिमीटर. बोअरचा वर्ग गुणिले 0.7854 गुणिले स्ट्रोक, भागिले 1,000, उत्तर येतं 45 सीसी. 43 च्या बोअरला 58 सीसी भरायला स्ट्रोक 40 मिलिमीटर लागतो. म्हणजे इंजिन 45 चं आणि त्याला बार 22 इंची. 45 सीसीला 16 ते 18 इंच बार झेपतो. बावीस इंची लावला की निम्मा बार लाकडात गेल्यावर इंजिन गुदमरतं, क्लच घसरतो, तापतो, आणि माणूस जोर देतो. जोर दिला की बार आणखी तापतो.

त्यात ऑइल पंप मेलेला. चेनचं ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने बारच्या खाचेत येतं, पेट्रोलमधल्या ऑइलचा त्याच्याशी संबंध नाही. तपासायला मिनिटही लागत नाही: बारचं टोक पांढऱ्या कागदावर किंवा वाळक्या खोडावर वीतभर वर धरायचं, अॅक्सिलरेटर दाबायचा, ऑइलची बारीक रेघ उडाली पाहिजे. इथे कागद कोरडा. उघडल्यावर पंपाला फिरवणारं प्लास्टिकचं वर्मगियर सपाट झालेलं. त्यामुळे बारची कड निळी पडली. निळी पडली की तिथलं पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं, तो बार गेला.

जादा चेन म्हणून दिलेली 650 रुपयांची चेन बसतच नाही. या 22 इंची बारला 0.325 इंच पिच (कड्यांमधलं अंतर), 0.058 इंच गेजची (खाचेत बसणाऱ्या दाताची जाडी) चेन लागते आणि तिला आतल्या खाचेत चालणारे दात 86 असतात. दिलेल्या चेनला 76, म्हणजे 20 इंची बारची. घेताना दात मोजा. दुकानदार हसला तरी मोजा.

सगळ्यात वाईट म्हणजे चेनचा ब्रेक. पुढचा हातरक्षक पुढे ढकलला की चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उलटं तोंडाकडे उसळतं, तेव्हा डाव्या हाताचं मनगट त्या रक्षकाला लागून ब्रेक बसतो आणि जीव वाचतो. या मशीनमध्ये रक्षक खटकन वाजतो, पण आत ब्रेकची पट्टीच नाही. क्लचच्या ड्रमभोवती पोलादी पट्टी असावी लागते, तिथे रिकामी जागा. चेन तुटली तर ती अडवणारा खालचा आकडाही नाही. पैशाची चोरी एक वेळ सोसता येईल. हे माणूस मारायचं काम आहे, आणि हे विकणारा मोकळा फिरतो.

टू-टी ऑइलच्या बाटलीत काय होतं देव जाणे. साध्या टू-टी ऑइलचं प्रमाण 25 ला 1, म्हणजे लिटरला 40 मिली. चांगल्या प्रतीच्या ऑइलचं 50 ला 1, म्हणजे 20 मिली, तेही मशीनच्या पुस्तकात लिहिलं असेल तरच. 40 मिली घालूनही पिस्टनला चरे पडले. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून एग्झॉस्टच्या भोकातून पाहिलं तर उभे ओरखडे स्पष्ट दिसतात, आणि असे चरे वंगण कमी पडल्याने पडू शकतात. मग फोनवर ऐकायला मिळालं, ‘तुम्ही ऑइल कमी घातलं, वॉरंटी बाद.’ ऑइल त्यांचंच, मोजणारं झाकणही त्यांचंच! इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं, म्हणून तयार मिश्रण महिन्याच्या वर ठेवू नका, काम संपल्यावर टाकी रिकामी करा. हे चांगल्या मशीनलाही लागू आहे.

‘कार्बन स्टील’ची कुऱ्हाड लाल रंगात बुडवलेली होती. रंग खरवडल्यावर नेढ्याला (दांडा बसतो त्या भोकाला) वेल्डिंगचा सांधा निघाला. पात्याच्या धारेवर कानस टेकवून हलका हात फिरवला तर ती लोण्यात रुतावी तशी रुतली. नीट पाणी दिलेल्या धारेवर कानस जेमतेम चावते. अजिबात न चावता सरकली तर पातं ठिसूळ, कपची उडणार. खोल रुतली तर साधं लोखंड, धार वळणार. ही बाभळीच्या गाठीवर पहिल्याच घावात वळली. पाचरेचं डोकं घणाखाली फुलासारखं पसरलं, आणि अशा पसरलेल्या कडेचा तुकडा उडून डोळ्यात जातो, म्हणून ती कड घासून टाकल्याशिवाय पाचर वापरू नये. दांडा कसल्यातरी मऊ लाकडाचा, त्याचे रेषे आडवे. दांडा धामणीचा किंवा तिवसाचा घ्या, रेषा नेढ्यापासून मुठीपर्यंत सरळ गेलेली बघून. बाजारातला आपला लोहार ट्रकच्या कमानपाट्याची कुऱ्हाड डोळ्यांदेखत पाणी देऊन करून देतो, बिघडली तर पुढच्या बाजारी त्याच जागी बसलेला सापडतो.

त्यांच्याकडे फांद्या ओढायची लोखंडी पाइपची लांब आकडीही होती. सुदैवाने ती घेतली नाही. शेतावरून गेलेल्या विजेच्या तारांखाली लोखंडी पाइप उभा करणं म्हणजे मरण ओढवून घेणं. वाळक्या बांबूला आकडी बांधा, आणि तार जवळ असेल तर बांबूही नको. पऱ्हाट्या उपटायला चिमटा पुरतो, मोळी बांधायला चऱ्हाट पुरतं. त्यासाठी कुठलंच यंत्र कोणाकडून घेऊ नका. आणि पऱ्हाट्या शेताच्या कडेला रचून ठेवू नका, बोंडअळी त्यांतच दडते.

अनुदानाचं म्हणाल तर ती शुद्ध थाप होती. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग पक्क्या बिलावर खरेदी, मग तपासणी, आणि शेवटी अनुदान थेट आधार जोडलेल्या खात्यात. गाडीवर उभं राहून किमतीतून अनुदान वजा करणारी योजना अस्तित्वात नाही. ‘या पावतीवर झाडतोडीची परवानगी लागत नाही’ हेही तो बोलला. खोटं. राज्याचा झाडतोडीचा कायदा 1964 चा आहे. साग, खैर, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, अंजन, तिवस ही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्या पावतीच्या भरवशावर कोणी चिंच पाडली असती तर दंड त्याच्या डोक्यावर.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याबद्दल. पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर, ‘हा दिवाणी वाद आहे, वकील बघा.’ दुसरं, ‘गाडी बाहेरच्या जिल्ह्यातली, आमच्या हद्दीत येत नाही.’ तिसरं, ‘साहेब बंदोबस्तात आहेत.’ विनाब्रेकचं मशीन टेबलावर ठेवलं तरी कोणी वाकून बघितलं नाही. एका कचेरीने दुसरीकडे धाडलं, दुसरीने विचारलं, ‘बिलावर जीएसटी नंबर कुठाय?’ नंबर नाही हीच तर तक्रार आहे! बँकेत सांगतात, व्यवहार तुम्हीच केला, पिन तुमचाच. वर प्रत्येक टेबलावरचा माणूस विचारतो, ‘तुम्हाला कळायला नको होतं का?’ फसवलेल्या माणसाला लाजवलं की तो परत येत नाही, तक्रारीचा आकडा वाढत नाही, आणि गाडी पुढच्या तालुक्यात निघून जाते. हद्दीचं कारण सांगणाऱ्याला कायदा माहीत नसेल असं नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीला लागू आहे, उपकलम 4 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी नोंदवून घ्यावा लागतो. नाही घेतला तर लेखी तक्रार थेट पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते. तोंडी बोलूच नका. अर्ज दोन प्रतींत न्या आणि पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. उशीर झाला की खातं रिकामं होतं. मालाच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, खरेदी कुठेही झाली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीचा संपर्क छापलेला असणं सक्तीचं आहे. यातलं काहीच नसेल तर ते कोरं खोकंच पुरावा आहे, ते चुलीत घालू नका. मशीनही दुरुस्तीला देऊ नका. आधी बोअर मोजताना, रिकामी ब्रेकची जागा दाखवताना, कोऱ्या कागदावर ऑइल न पडताना असं सगळं चित्रीकरण करून ठेवा.

ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव यूपीआयच्या पावतीवर असतं. ते नाव माझ्याकडे आहे, तुमच्याकडेही असेल. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठूनही असाल आणि असंच पिवळं खोकं घरात असेल तर पावतीवरचं नाव पडताळून बघा. एकाच विक्रेत्याविरुद्ध सारखी तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांना आयोगात एकत्र अर्ज करता येतो, आणि एका पत्रावर वीस सह्या असल्या की ‘दिवाणी वाद आहे’ हे उत्तर देणं कोणालाही अवघड जातं.