वाद मिटला की निवळला?

सोलापूरच्या सात रस्ता चौकात दोन रिक्षांचे आरसे घासले. “दिसत नाही का बे?” इथून सुरू झालेलं प्रकरण कॉलरपर्यंत गेलं. पानटपरीवाले मामा मधे पडले, “जाऊ द्या की हो,” म्हणत दोघांच्या हातात चहा दिला. आवाज खाली आले. आरशाचे पैसे मात्र ठरले नाहीत. म्हणजे वाद मिटला नाही, नुसता निवळला.

मिटणं म्हणजे हिशेब संपणं. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत तंटे ‘मिटवले’ जात, कारण तिथे तडजोड कागदावर यायची.

निवळणं पाण्याचं आहे. पिंपात पाणी भरून ठेवणाऱ्या सोलापूरकराला ते वेगळं सांगायला नको. पूर्वी निवळीची बी उगाळून गढूळ पाण्यात घालत, मग गाळ तळाला बसे. बसे, जात नसे. पिंप हलवलं की पुन्हा वर. म्हणून ‘तणाव निवळला’ हेच बरोबर. ‘तणाव मिटला’ वाचलं की मला खटकतं. शिवाय वाद आपण मिटवतो, तणाव मात्र आपसूक निवळतो. मामांनी फक्त चहा दिला.