डाळमिलसाठी कंपनी काढताय? प्रायव्हेट लिमिटेड की शेतकरी उत्पादक कंपनी, मत कुणाचं चालते ते आधी पाहा

तूर घरात आली की आमच्या यवतमाळकडं कुठला ना कुठला गट डाळमिलचा विषय काढतेच, आणि मग विचारणं सुरू होते, भाऊ, प्रायव्हेट लिमिटेड काढावी की शेतकरी उत्पादक कंपनी. नोंदणीचा खर्च, जीएसटी, सबसिडीचे कागद हे सगळं सीए सांगतेच, त्यात मी पडत नाही. पैसे टाकल्यावर सभेत आपलं किती चालते एवढंच सांगतो, कारण माझे शेअर दोन्हीकडं आहेत.

प्रायव्हेटमध्ये काम झटपट होते हे मान्यच करा लागते. आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, वेगळं लिहिलं नसलं तर दोन सभासद हजर असले की कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, झाला. साध्या ठरावाला विरोधापेक्षा बाजूची मतं जास्त झाली की पुरे, आर्टिकल्स बदलण्यासारखा विशेष ठराव असला तर बाजूची मतं विरोधाच्या निदान तिप्पट पाहिजेत. गप बसलेला कोणत्याच बाजूला धरत नाहीत. चार जण सारख्याच पैशानं धंदा करून राहिले असतील तर याहून सोपं काही नाही, खरं सांगतो.

आता मला खटकलं ते. आमच्या जुन्या मिलमध्ये आम्ही पुष्कळ शेतकरी थोडेथोडे शेअर घेऊन होतो आणि एका व्यापाऱ्यानं जागा अन् मशीन दिली म्हणून अर्ध्याहून जास्त शेअर त्याचे. सभेत विषय आला त्याच्या भाच्याला डायरेक्टर करायचा. अध्यक्ष म्हणाले हात वर करा. हात वर करून मतदान असलं की माणशी एक मत, शेअर कितीही असो, त्यामुळं ठराव सपाटून पडला, मंडळी खुश, कोणी चहाही सांगितला. तेवढ्यात व्यापारी शांतपणे म्हणाला, मला पोल पाहिजे. एक दशांश मताधिकार असला किंवा 5 लाखांचे भरलेले शेअर असले की सभासदाला पोल मागता येते, हातांचा निकाल सांगायच्या आधी किंवा सांगताक्षणी, आणि मग अध्यक्षाला तो घ्याच लागते. पोलमध्ये शेअरच्या हिशोबानं मतं. झालं, पडलेला ठराव त्याच कपभर चहात पास. मागं बसलेले एक काका म्हणाले, "मंग आमचे हात कायले वर करायले लावले बाप्पा?"

व्यापाऱ्याचं काही चुकलं नव्हतं बरं का, कायद्यानं सगळं बरोबर, पैसाही त्याचाच जास्त अडकला होता. मला त्रास झाला तो पुढं. पुढच्या सभेला आमच्यातले निम्मेही आले नाहीत, त्याच्या पुढच्या वेळी तर बोटावर मोजण्याएवढे, आणि सभेला त्यानं काहीच फरक पडला नाही, कारण कोरमला दोघंच लागतात, ते दोघं त्याच्या घरातच होते. आम्ही नाही आलो हे कंपनीच्या लक्षातसुद्धा आलं नसेल.

कोणी म्हणेल, लहान सभासदांना प्रायव्हेटमध्येही वाट आहे. आहे. पडलेल्या मतांपैकी पाव हिश्शाहून जास्त मतं तुमच्या गटाची असली तर विशेष ठराव अडवता येते, पण डायरेक्टर नेमणं, डिव्हिडंड हे साध्या ठरावाचे विषय, तिथं ते कामाचं नाही. 2015 च्या सवलतीनंतर प्रायव्हेट कंपनीला आर्टिकल्समध्ये मतांची पद्धतच वेगळी लिहून घेता येते, माणशी एक मतसुद्धा. आता मशीनचे पैसे लावणारा त्यावर सही करते काय, ते तुम्हीच विचारून पाहा.

उत्पादक कंपनीत हा प्रश्नच येत नाही. अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून 2002 मध्ये हा प्रकार कंपनी कायद्यात आला, आता 2013 च्या कायद्यात त्याचं वेगळं प्रकरण आहे. नुसते शेतकरीच सभासद असले तर एक शेअरवाल्यालाही एक मत, पाचशेवाल्यालाही एकच. मतं सारखी पडली तर अध्यक्षाचं निर्णायक मत, फक्त अध्यक्षाच्याच निवडणुकीत ते चालत नाही. दहा शेतकऱ्यांपासून सुरू करता येते, वर मर्यादा नाही, प्रायव्हेटला 200 ची आहे.

पण कोरम! आर्टिकल्समध्ये जास्त लिहिला नसेल तर एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश. केंद्राच्या दहा हजार एफपीओ (शेतकरी उत्पादक संघटना) योजनेत मैदानी भागात निदान 300 सभासद लागतात, म्हणजे सभेला 75 डोकी समोर पाहिजेत. त्यात प्रत्येक सभासदामागं 2,000 रुपयांपर्यंत, एकूण 15 लाखांपर्यंत भागभांडवलाचं अनुदान, म्हणून नावं धडाधड गोळा होतात आणि ज्यानं कंपनीला एक क्विंटल तूर कधी दिली नाही तोही कोरमच्या हिशोबात येऊन बसते. सभा बहुतेक सप्टेंबरमध्ये, तेव्हा कपाशीवर फवारणी चालू, कोणाला वेळ राहते? गाडी पाठवून माणसं आणा लागतात, त्यात नाव बायकोचं अन् सभेला आला नवरा, मग त्याला समजवा की तुमचा हात मोजता येत नाही भाऊ. वर जादा सभा मागायची तर इथं एक तृतीयांश सभासदांच्या सह्या लागतात, प्रायव्हेटमध्ये एक दशांश भांडवलवाले ती मागू शकतात.

वैताग येते, नाही म्हणत नाही. तरी मला हा वैताग चालते, कारण इथं आम्ही नाही आलो तर त्या दिवशी सभाच होत नाही आणि संचालकांना आमच्या ओसरीवर या लागते.

बाहेरचा पैसा आणून मोठं व्हायचं असेल तर मात्र उत्पादक कंपनी अडचणीची. शेतकरी नसलेला गुंतवणूकदार सभासद होत नाही, शेअर विकायचा तर संचालक मंडळाला विचारून, सक्रिय सभासदालाच (म्हणजे नियमावलीत ठरल्याप्रमाणं कंपनीला माल देणाऱ्याला), दर्शनी किमतीत. तेवढी भूक असेल तर प्रायव्हेट घ्या, मी अडवणार नाही. पण गटात पन्नास शेतकरी अन् एक पैसेवाला असं गणित असेल तर मी तरी उत्पादक कंपनीकडंच झुकीन.

तिकडं गेलात तर आर्टिकल्स छापील नमुन्यावरून उचलू नका. मताचा हक्क सक्रिय सभासदांपुरता ठेवायची सोय कायद्यात आहे, ती लिहून घ्या, म्हणजे माल न देणारे निदान मत तरी देणार नाहीत. कोरम मात्र एकूण सभासदांवरच मोजतात, म्हणून नुसतं अनुदानासाठी नाव घालू नका. आणि सीएच्या मागं एप्रिलपासूनच लागा, ऑडिट लवकर हातात आलं तर सभा पोळ्याच्या आधी उरकते.